मदत हवी आहे: नव्या संकेतस्थळावर वाचक येत नाहीत, किती काळ थांबावे?

पाणंद
नमस्कार. नोकरी सांभाळून मी मराठीत स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले आहे. सर्व लेख मी स्वतः लिहिले आहेत, छायाचित्रेही माझीच आहेत आणि कुठूनही एक ओळसुद्धा उचललेली नाही. असे असूनही दिवसाला आठ-दहा माणसेच येतात आणि त्यांतली बरीचशी नात्यातली किंवा कार्यालयातली असतात. थांबण्याची माझी तयारी आहे, परंतु थांबल्याने काही होणार आहे की नाही, हे कसे ओळखायचे तेच मला कळत नाही. एका एजन्सीने तीन आठवड्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आणून देण्याची हमी दिली असून त्यासाठी आगाऊ रक्कम मागितली आहे. ती द्यावी का? होस्टिंगची (संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेची) मुदतही संपत आली आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

कातळकडा
आगाऊ रक्कम देऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेले आहे. बाकीच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकी माहिती मात्र तुम्ही दिलेली नाही. संकेतस्थळाचा विषय काय, ते केव्हा सुरू झाले, लेख किती आहेत, ते कशावर बांधले आहे आणि सर्च कन्सोलमध्ये (आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते ते मालकाला दाखवणारे गूगलचे साधन) त्याची नोंद केली आहे का?

नदीकाठ
माझे मत थोडे वेगळे आहे. मराठी माणूस आता वाचण्यापेक्षा पाहतो. हेच श्रम यूट्यूबवर घेतले असते, तर आतापर्यंत प्रेक्षक मिळाले असते. माझ्या भावाने संकेतस्थळ बंद करून चॅनेल काढले आणि तो आज समाधानी आहे.

पाणंद
मला लिहायचेच आहे, त्यामुळे यूट्यूबचा विचार सध्या नाही. कातळकडा, संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे, सुमारे तीस लेख झाले आहेत आणि सर्च कन्सोलमध्ये नोंद केलेली आहे. विषय खाद्यपदार्थांचा आहे.

जुनी पेठ
प्रत्येक लेखाच्या मेटा कीवर्डमध्ये (वाचकाला न दिसणारी, शोधयंत्रांसाठी लिहायची शब्दांची यादी) शक्य तेवढे शब्द भरावेत आणि संकेतस्थळाचा पत्ता शंभरेक डिरेक्टरींमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या याद्यांमध्ये नोंदवावा. आमच्या कार्यालयाचे संकेतस्थळ आम्ही असेच वर आणले होते आणि ते वर्षानुवर्षे तिथेच राहिले.

कातळकडा
जुनी पेठ, तुमचा अनुभव त्या काळापुरता खरा असेल. क्रमवारी ठरवताना मेटा कीवर्ड विचारात घेतले जात नाहीत, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले. केवळ क्रमवारी वाढवण्यासाठी इतर संकेतस्थळांवर लावलेल्या कृत्रिम दुव्यांच्या (लिंकच्या) विरोधात 2012 मध्ये गूगलचा पेंग्विन नावाचा बदल आला आणि अशा दुव्यांवर उभी राहिलेली अनेक संकेतस्थळे एका रात्रीत खाली गेली. जी एजन्सी तीन आठवड्यांची हमी देते, ती बहुधा हेच विकत घेतलेले दुवे लावणार आणि त्याची किंमत पुढे मालकाला मोजावी लागणार.

पाणंद, 'खाद्यपदार्थ' एवढ्यावर काही सांगता येणार नाही. पुरणपोळीची कृती लिहिणारी हजारो पाने आहेत, तेव्हा नेमके काय लिहिता ते सांगा. शिवाय वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधील रीडिंग विभागात, शोधयंत्रांनी हे संकेतस्थळ नोंदवू नये असे सुचवणारी एक चौकट असते. तिच्यावर खूण नाही ना, हे आधी पाहून घ्या.

पाणंद
त्या चौकटीवर खूण नाही. विषय रानभाज्यांचा आहे: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, शेवळ. भाजी कशी ओळखावी, कशी निवडावी आणि कशी शिजवावी, असे लेखांचे स्वरूप आहे. संकेतस्थळ दिवाळीत सुरू झाले. सर्च कन्सोलमध्ये एकोणीस पाने नोंदवलेली दिसतात आणि उरलेल्यांसमोर 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असे लिहिलेले आहे. त्या पानांसाठी मी रोज पुन्हा पुन्हा नोंदणीची विनंती करतो, तरी काही हालत नाही.

कातळकडा
आता नीट बोलता येईल. गूगलला पानाचा पत्ता कळणे, त्याने ते पान येऊन वाचणे, ते आपल्या अनुक्रमणिकेत घेणे आणि मग शोधणाऱ्यापुढे काही क्रमाने मांडणे, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. तुमची उरलेली पाने पहिल्याच पायरीवर आहेत: पत्ता कळला आहे, परंतु पान अजून वाचलेले नाही. एकाच पानासाठी वारंवार विनंती केल्याने काम लवकर होत नाही आणि विनंत्यांना रोजची मर्यादाही असते. त्याऐवजी जी पाने नोंदली गेली आहेत, त्यांच्या मजकुरातून या पानांना दुवे द्या. साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रांसाठी सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, वर्डप्रेस 2020 पासून आपोआप तयार करते. त्याचा पत्ता सर्च कन्सोलला एकदा दिला की पुरते.

दुसरे असे की, किती माणसे आली हा आकडा सध्या बाजूला ठेवा आणि सर्च कन्सोलमधील इम्प्रेशनचा आलेख पाहा, म्हणजे तुमचे पान किती वेळा कोणाच्या शोधात दिसले ते कळेल. पान चाळिसाव्या क्रमांकावर दिसत असेल, तर तिथपर्यंत कोणी येत नाही आणि क्लिकही होत नाही. मात्र तेच पान चाळिसावरून विसावर सरकले, तर वाचकसंख्या तेवढीच राहूनही प्रगती झालेली असते आणि ती याच आलेखात दिसते.

पाणंद
आलेख पाहिला. सुरुवातीला तो जवळजवळ सपाट होता. गेल्या काही आठवड्यांत मात्र दिवसाला चाळीस-पन्नास इम्प्रेशन दिसत आहेत. क्लिक अगदी थोडे आहेत. हे चांगले की वाईट?

आंबोळीघाट
मला आश्चर्य याचे वाटते की, इतका वेळ एकाही सदस्याने ऋतूचा उल्लेख केला नाही. आता माघ चालू आहे. माघात टाकळ्याची भाजी कोण शोधणार? शेवळ पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून वर येते आणि थोडेच दिवस मिळते. टाकळा, फोडशी आणि कुर्डू पाऊस स्थिरावल्यावर बाजारात येतात आणि करटोली श्रावणाच्या आसपास भरात असते. ठाणे, पालघर, रायगडकडच्या आदिवासी बायका पाट्या घेऊन बाजारात बसू लागल्या की शहरातल्या लोकांना या भाज्या दिसतात आणि मग घरी येऊन ते कृती शोधतात. तुमचे संकेतस्थळ दिवाळीत, म्हणजे हंगाम संपल्यानंतर सुरू झाले. ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही लिहिले आहे, तो प्रश्न कोणी विचारावा असा काळ अजून आलेलाच नाही. अशा वेळी दिवसाला पन्नास इम्प्रेशन मिळत असतील, तर मी ते चांगले लक्षण मानेन. गूगल ट्रेंड्समध्ये 'रानभाज्या' हा शब्द टाकून मागच्या पाच वर्षांचा आलेख पाहा, म्हणजे वाट कशाची पाहायची ते कळेल.

नदीकाठ
हे पटले. तरीही पावसाळ्यात छोटे व्हिडिओ करावेत असे मला वाटते, कारण शेवळ सोलताना आतला कोणता भाग काढून टाकायचा, हे लिहून सांगणे अवघड आहे.

आंबोळीघाट
ते मान्य आहे. व्हिडिओ लेखातच लावता येईल, त्यासाठी संकेतस्थळ सोडण्याचे कारण नाही.

जुनी पेठ
गूगलच्या जाहिराती मराठी संकेतस्थळांना मिळतात, ॲडसेन्समध्ये मराठीचा समावेश आहे. आताच अर्ज करून ठेवावा, म्हणजे होस्टिंगचा खर्च भागेल.

कातळकडा
आठ-दहा वाचकांवर होस्टिंगचा खर्च निघत नाही आणि प्रश्नही जाहिरातींचा नाही. जाहिरातींमुळे पान जड होते ते वेगळेच. गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच प्रामुख्याने वाचते. छायाचित्रे कॅमेऱ्यातून काढली तशीच चढवली असतील, तर पान उघडायलाच वेळ लागतो. ती आकाराने लहान करून वेबपी या हलक्या चित्रस्वरूपात ठेवावीत.

देवराई
पाणंद यांच्या पानांचे पत्ते देवनागरीत आहेत का? असतील तर ते ताबडतोब रोमन लिपीत करावेत. देवनागरी पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक तिला फसवणूक समजून उघडत नाहीत.

कातळकडा
माळ होते हे खरे आहे. युनिकोडमधील प्रत्येक देवनागरी चिन्हाची (काना-मात्राही वेगळे चिन्ह धरून) नऊ चिन्हे होतात, म्हणून 'टाकळा' एवढ्या शब्दाची 45 होतात. परंतु गूगलला देवनागरी पत्ता वाचता येतो, त्यामुळे क्रमवारीसाठी बदल करण्याची गरज नाही. नोंदलेल्या पानांचे पत्ते आता बदलले, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळवणी लावावी लागेल आणि जी पाने कशीबशी नोंदली गेली आहेत, त्यांची पुन्हा तपासणी सुरू होईल. नवे लेख रोमन पत्त्याने लिहावेत आणि जुने आहेत तसे राहू द्यावेत.

देवराई
मी सहमत नाही. वाचक कमी असतानाच बदल सोपा असतो, पुढे तो होणार नाही. मात्र वळवणी लावल्याशिवाय करू नये, एवढे मान्य करतो.

वैद्यबुवा
विचारलेले नसले तरी सांगणे आवश्यक वाटते. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे घशाला खाज सुटते आणि म्हणूनच त्यात काकडे (काकड झाडाची आंबट फळे), चिंच किंवा आमसूल घालतात. अनोळखी वनस्पती केवळ एका छायाचित्रावरून ओळखून खाणे धोक्याचे असते. तुमच्या लेखांत पान, खोड आणि फूल यांची वेगवेगळी छायाचित्रे, शास्त्रीय नाव आणि खबरदारी दिली आहे का? वाचक परत येतो तो विश्वास बसल्यामुळे, आणि या विषयात विश्वासाचा प्रश्न थेट आरोग्याशी जोडलेला आहे.

पाणंद
शास्त्रीय नावे आहेत. खबरदारी सर्व लेखांत नाही, ती घालतो. खोडाची छायाचित्रे आता मिळणार नाहीत, पाऊस सुरू झाल्यावर काढेन. एजन्सीला नकार कळवला आहे आणि होस्टिंग वर्षभरासाठी वाढवत आहे. आता दोनच प्रश्न राहिले. पावसापर्यंत काय लिहावे? आणि पावसाळ्यातही वाचक आले नाहीत, तर कोणत्या टप्प्यावर थांबायचे?

आंबोळीघाट
रानमेवा पावसातच मिळतो असे नाही. आता शेवग्याची फुले आहेत, पाठोपाठ फणसाची कुयरी येईल, चैत्राच्या आगेमागे मोहाची फुले आणि त्यानंतर करवंदे. प्रत्येक लेख हंगामाच्या दोन-तीन महिने आधी प्रसिद्ध करा, म्हणजे लोक शोधू लागतील तेव्हा पान नोंदलेले असेल. शेवळाचा लेख नव्याने लिहिण्याची गरज नाही, तो आहे त्याच पत्त्यावर सुधारत राहा.

कातळकडा
दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगतो. केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलच्याच 2017 च्या एका मार्गदर्शनपर व्हिडिओत सांगितले आहे. तुमचा विषय ऋतूवर अवलंबून असल्याने एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय निर्णय घेऊ नये. सर्च कन्सोल 16 महिन्यांची माहिती साठवून ठेवते, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या आषाढाची तुलना या वर्षीच्या आषाढाशी करता येईल. पाने नोंदली गेलेली असूनही दुसऱ्या आषाढात इम्प्रेशन वाढले नाहीत, तर मांडणीत किंवा मजकुरात दोष आहे असे समजावे. तोपर्यंत आठवड्यातून एकदाच आलेख पाहा. रोज पाहिल्याने दोन-चार क्लिकच्या चढउताराला नसता अर्थ चिकटतो.

मांडवीकाठ
मी गोव्यातून वाचतो आहे. आमच्याकडे टाकळ्याला तायकिळो आणि करटोल्याला फागलां म्हणतात. लेखात हे शब्द नसतील, तर आमच्याकडचा माणूस तुमच्या पानापर्यंत पोहोचणारच नाही.

पाणंद
हे शब्द लेखात नाहीत. विदर्भात तरोटा आणि काटवल म्हणतात एवढे मला माहीत आहे, पण तेही लिहिलेले नाही. प्रत्येक नावासाठी वेगळे पान करू का?

कातळकडा
वेगळे पान करू नका. एकच मजकूर नावे बदलून अनेक पानांवर ठेवला, तर गूगल त्याला फसवणुकीचा प्रकार मानते. सर्व नावे एकाच लेखात, पहिल्या परिच्छेदातच, कोणत्या भागात काय म्हणतात ते सांगत लिहा. काम टाकळ्यापासून सुरू करा आणि महिन्याभराने त्या पानाचे शोधशब्द इथे टाका.