मदत हवी आहे: बाबांना घेऊन पारिया कॅन्यन, ४ दिवस पाण्यातून चालणं आणि डायबेटिस

नमस्कार मंडळी,

मी फिनिक्सला राहते. बाबा सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत, वय ६४, नाशिकचे, मला ट्रेकिंग त्यांनीच शिकवलं, साल्हेर, रतनगड, हरिहर सगळं त्यांच्या मागेमागे चालत केलंय. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पारिया कॅन्यनचं पर्मिट मिळालंय, मी, बाबा आणि माझी एक मैत्रीण, तीन रात्री चार दिवस. मुक्कामी जायला दिवसाला फक्त २० जणांना परवानगी असते त्यामुळे मिळालं तेव्हा नाचायचीच बाकी होते, पण आता जसजशी तारीख जवळ येतेय तसतशी झोप उडायला लागलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही अमेरिकेतली पारिया नदीची खोल दरी, नदी युटामध्ये उगम पावते आणि ॲरिझोनात लीज फेरीला कोलोरॅडो नदीला मिळते. आम्ही व्हाइट हाउस नावाच्या वरच्या टोकापासून सुरू करून लीज फेरीला बाहेर पडणार, ३८ मैल म्हणजे साधारण ६१ किमी. चढ जवळजवळ नाहीच, सगळं नदीच्या पात्रातून खाली खाली जायचं. पण वाट अशी नाहीच, नदी हीच वाट, दिवसातून कितीतरी वेळा नदी ओलांडायची, पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, मध्येच रुतणारी वाळू.

आता खरा प्रश्न. बाबांना बारा वर्षांपासून डायबेटिस आहे. गोळ्या आहेत, इन्सुलिन नाही, शुगर बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये. दम आणि गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत, ती काळजी नाहीच. काळजी पायांची आहे. चार दिवस बूट ओलेच राहणार आणि बुटात वाळू जाणार, आणि त्यांना हल्ली तळव्याला बारीक खडा टोचलेला लगेच कळत नाही असं माझ्या लक्षात आलंय, ते मान्य करत नाहीत. एक फोड आला आणि कळलाच नाही तर? आत फोन लागत नाही. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र आहे आमच्याकडे, पण मदत यायला किती वेळ लागेल कोण जाणे.

बाबांचं म्हणणं, सांधण दरी केली ना मी, त्यात काय एवढं. अहो पण सांधण दोनेक किलोमीटरची, सकाळी उतरलं की संध्याकाळी साम्रदला येऊन पिठलं भाकरी. इथे एकदा नॅरोजमध्ये, म्हणजे दरीच्या चिंचोळ्या भागात, शिरलं की चौथ्या मैलापासून नवव्या मैलापर्यंत दोन्ही बाजूंना सरळ कातळ, पूर आला तर वर चढायला जागा शोधावी लागते. आणि पाऊस आपल्या डोक्यावर पडायलाच पाहिजे असं नाही, वरचं पाणी पार ब्राइस कॅन्यनच्या बाजूने येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला इथून जवळच अँटिलोप कॅन्यनमध्ये पुरात ११ जणांचा जीव गेला, तेव्हाही पाऊस कित्येक मैल लांब पडला होता. २०२३ मध्ये तर मार्चमध्ये याच भागात पुरात सापडून दोघे गेले, म्हणजे फक्त जुलै ते सप्टेंबरचा इथला पावसाळा सांभाळलं की झालं असंही नाही. आदल्या दिवशी पारिया कॉन्टॅक्ट स्टेशनवर (तिथलं माहिती केंद्र) हवामान विचारून, जरा जरी शंका असेल तर जायचंच नाही हे ठरलंय.

पिण्याचं पाणी हा दुसरा घोळ. नदीचं पाणी इतकं गढूळ की फिल्टर चोंदतो, शिवाय वर शेती आणि गुरं, त्यामुळे झऱ्यांवर भिस्त. बाराव्या मैलाच्या आसपास बिग स्प्रिंग, मग बाविसाव्याला शॉवर स्प्रिंग, पंचविसाव्याच्या जवळ शेवटचा भरवशाचा झरा, त्यानंतर लीज फेरीपर्यंत बारा-तेरा मैल उघड्यावर आणि वाळूत. माणशी दिवसाला एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर धरलं तर त्या शेवटच्या टप्प्याला सॅक किती जड होईल बघा. बाबांना कमी वजन द्यायचं तर ते चिडतात.

खाण्याचं मी बघितलंय, भाजलेल्या पोह्यांचं फोडणी घालून कोरडं मिश्रण, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, आणि शुगर एकदम उतरली तर खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. शेकोटीला बंदी आहे, गॅसचा छोटा स्टोव्ह नेतोय. शौचाच्या पिशव्या भरून परत आणायच्या असतात, ते ऐकून बाबा आधी गप्प झाले, मग म्हणाले बरोबरच आहे, आपल्या गडांवर पण असं पाहिजे.

तर डायबेटिस असलेल्या कोणाला घेऊन किंवा स्वतःला असताना असा ओला ट्रेक कोणी केलाय का? बूट, मोजे, पायांची काळजी नक्की कशी घेतलीत? आणि न्यावं की नको, हे स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

---

प्रतिसाद:

ताई, मी पारिया दोनदा केलंय आणि मला स्वतःला डायबेटिस आहे, म्हणून लिहितोय. पहिलं काम, काकांचे पाय डॉक्टरांना दाखवा, तळव्याला दोरा टेकवून संवेदना तपासतात, दहा मिनिटांचं काम आहे. त्यात संवेदना कमी निघाली तर पूर्ण ३८ मैल करू नका, माझं सरळ मत.

संवेदना ठीक असेल तरी सँडल घालून अजिबात नाही. बोटं पूर्ण झाकणारे, पाणी निथळणारे बूट, आत निओप्रीनचे (ओले झाले तरी ऊब देणाऱ्या रबरी कापडाचे) मोजे. ऑक्टोबरमध्ये नॅरोजमध्ये ऊन पोचत नाही, पाणी गार असतं, पाय बधिर झाले की मग काहीच कळत नाही. दर दीड तासाला बूट काढून वाळू झटकायची आणि पाय काकांनी नाही, तुम्ही बघायचे, टॉर्च लावून. मुक्कामाला पाय पुसून कोरडे मोजे, हे मोजे फक्त टेंटमध्येच.

अजून एक सुचवतो. लीज फेरीला जायचा हट्ट सोडा. व्हाइट हाउसहून बिग स्प्रिंगपर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या, चोवीस मैल होतात, शेवटचा तापलेला टप्पा वाचतो, गाडी तिकडे नेऊन ठेवायची भानगड नाही आणि कुठल्याही दिवशी मागे फिरता येतं. नॅरोज दोनदा पार करावे लागतात, त्यामुळे परतीच्या दिवसाचंही हवामान आधी बघून ठेवा. सातव्या मैलाला बकस्किन या अरुंद बाजूच्या दरीचा संगम आहे, तिथे सॅक टेकवून बकस्किनमध्ये मैलभर वर जाऊन या, काकांना सांधण आठवेल.

आणि त्याआधी घराजवळ अरावायपा कॅन्यनमध्ये एक दिवस पाण्यातून चालवून बघा. तिथेही पर्मिट लागतं.

---

धागाकर्ती:

खूप खूप आभार दादा. तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बिग स्प्रिंगहून परत फिरायचं म्हटल्यावर थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले २००९ ला अलंगला धुक्यात आपण वरून मागे फिरलो होतो ना, चालतंय की. पायांची अपॉइंटमेंट मंगळवारची मिळालीय. अरावायपाचं शनिवारचं पर्मिट दोघांचं काढलं, पश्चिमेच्या बाजूने जाणार. निओप्रीनचे मोजे नेहमीच्या मापाचे घ्यायचे की एक नंबर मोठे, आणि त्यावर बूट अर्धा नंबर मोठा लागतो का, एवढं फक्त शुक्रवारच्या आत सांगा, दुकानात जाणार आहे.