आरसा छोटा, पण ड्रॅग छोटा नाही

वर एकानं लिहिलंय की गाडीच्या समोरच्या भागाच्या मानानं आरशाचं क्षेत्रफळ किरकोळ असतं, मग त्याच्या आकारावर डोकं कशाला लावायचं. क्षेत्रफळाचं पटलं, पुढचं नाही. दोन्ही आरसे मिळून गाडीच्या एकूण ड्रॅगमध्ये, म्हणजे हवेच्या विरोधात, साधारण २ ते ७ टक्के भर घालतात, कारण आरशामागं जी विस्कटलेली हवा तयार होते ती थेट बाजूच्या काचेवर आपटते, आवाज पण तिथूनच येतो. आणि समृद्धीवर १२० नं चाललात तर ८० च्या मानानं हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, वेगाच्या वर्गानं वाढतो ना तो.

जालना ते संभाजीनगर जाताना हवा कशी वाहते ते बघायला आम्ही आरशाच्या कव्हरवर आणि काचेवर लोकरीचे छोटे धागे टेपनं चिकटवले होते, मी शेजारी बसून बघत होतो. कव्हरच्या पुढच्या गोलाईवर धागे एकदम सपाट चिकटलेले, मागच्या कडेपलीकडचे मात्र नुसते भिरभिरतात, कधीकधी उलटे पुढं पण येतात! खरा खेळ त्या मागच्या कडेचा आहे, हवा कुठं सुटते ते तिथं ठरतं, म्हणून कंपन्या तिथं धारदार कड ठेवतात, आरसा आणि काचेतली फट पण मोजूनमापून ठेवतात. टोयोटानं तर काही गाड्यांत आरशाच्या बुडाशी बारीक फिन, म्हणजे माशाच्या पंखासारखे उंचवटे, दिलेत, त्यातून छोटे भोवरे सुटतात आणि हवा गाडीच्या अंगाला धरून राहते. आपल्याकडच्या गाडीत बघायचं तर धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर काच पुसायच्या आधी बघा, आरशामागं धूळ कुठं बसली त्यावरून बरंच कळतं.