गाण्यांची नावं टाइप केली आपण, विकली कोणी?

कॅसेटवाला: घरातल्या जुन्या सीडी संगणकावर चढवत बसलोय. सीडी घातली की गाण्यांची नावं झळकतात, पण बहुतेक सीडींवर ती नसतातच. कोणीतरी हौसेने टाइप केलेली असतात. १९९३ मध्ये टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी सीडीडीबी (सीडींवरच्या गाण्यांच्या नावांचा सामायिक साठा) सुरू केलं, नावं भरली जगभरच्या रिकामटेकड्यांनी (मीही त्यातलाच). पुढे त्याची ग्रेसनोट कंपनी झाली आणि २००८ मध्ये सोनीने ती २६ कोटी डॉलरला घेतली. भरणाऱ्यांना दमडी नाही. लोकांनी भरलेला डेटा लोकांचाच राहायला हवा, असं माझं मत.

खवचट: असहमत. दहा सीडींची नावं टाइप केलीत म्हणून मालक झालात? सर्व्हरचं बिल कोण भरत होतं? ग्रेसनोटवर रागावून फ्रीडीबी नावाचा तसाच साठा निघाला, सगळं फुकट. २०२० मध्ये तोही बंद.

सुरपेटी: मालकीचं बघू नंतर. आधी तो डेटा काय लायकीचा होता ते बोला! सीडीडीबी सीडी ओळखायचं कशावरून? गाणी कितव्या सेकंदाला सुरू होतात, एकूण लांबी किती आणि गाणी किती, एवढ्यावरून आठ अक्षरांचा आकडा. दोन सीडींचा आकडा जुळला की घोळ. आईच्या नाट्यसंगीताच्या सीडीवर प्लेअरने मला कुठल्याशा जर्मन बँडची गाणी दाखवली होती. त्यात रकाना 'कलाकार / शीर्षक' एवढाच. अभंगाची सीडी भरताना कलाकार कोण लिहायचा? गायक, संगीतकार की तुकोबा? तिघांनी तीन तऱ्हांनी भरलेलं मी पाहिलंय, तेही रोमन लिपीत.

खवचट: म्हणजे माझंच म्हणणं. पगारी माणूस बसवा.

सुरपेटी: पगारी माणसाला अभंगातलं काय कळणार, कपाळ! म्युझिकब्रेन्झ बघा, लोकांनीच भरलेला संगीताच्या माहितीचा साठा, रॉबर्ट के यांनी २००० मध्ये सुरू केलेला. तिथे रचना वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं. कवी, संगीतकार, गायक प्रत्येकाचं नातं स्वतंत्र जोडता येतं. बरेचसे बदल सात दिवस मतदानाला राहतात. कटकट आहेच. 'अमुक नियमात बसत नाही' म्हणून कोणीतरी आडवा येतो आणि नियम लिहिलेत पाश्चात्त्य अल्बम डोळ्यांसमोर ठेवून. पण मूळ डेटा सार्वजनिक मालकीचा, अख्खा उतरवून घेता येतो. संस्था उद्या बुडाली तरी दुसरा कोणी तो उभा करू शकतो.

खवचट: आणि पैसे?

सुरपेटी: धंद्यासाठी वापरणाऱ्या कंपन्यांकडून घेतात की. पैसे घेण्याला माझी ना नाही, कुलूप लावण्याला आहे.

कॅसेटवाला: हे पटलं. फुकट आणि खुलं यांत मी गल्लत करत होतो. भजनाची एक सीडी आहे, तिथे सापडत नाही. कव्हरला बुरशी आलीय, पण कवीचं नाव वाचता येतंय. फोटो टाकू?

सुरपेटी: टाका. मागची बाजूही.