फ्लेक्सवरचा एच-इंडेक्स: डॉक्टरांचं संशोधन सायटेशनवर मोजावं का?

वारणाकाठ (धागाकर्ता)

सांगलीत विश्रामबागेजवळ एक फ्लेक्स लागलाय. आपल्याच भागातल्या एका डॉक्टर-प्राध्यापकांचा. 'जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली सायटेशन्सचा (इतरांनी निबंध किती वेळा संदर्भाला घेतले त्याचा) आकडा, एच-इंडेक्स, आणि शुभेच्छुकांत गणेश मंडळापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे. चुलत्यांची अँजिओग्राफी करायचीय, त्यांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला: "ह्यांच्याकडंच जाऊया की, जगात नंबर लागलाय." डॉक्टरांचा विषय मुळात हृदयाचा नाहीच!

आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात. एल्सव्हिअर कंपनीच्या स्कोपस या डेटाबेसमधून, कुणाचे निबंध इतरांनी किती वेळा संदर्भाला घेतले ते मोजायचं, लेखकांच्या रांगेत नाव कुठे आहे तेही बघायचं, आणि सगळ्याचा मिळून एक गुण काढायचा. 'निवड' कुणी करत नाही, हिशेब मांडला की नावं वर येतात. एच-इंडेक्स हा त्यातलाच एक आकडा. २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो मांडला. ज्याचे २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भाला आलेत, त्याचा एच-इंडेक्स २०. माणसानं लिहिणं सोडलं तरी तो खाली येत नाही.

माझं म्हणणं असं की हा आकडा संशोधकांनी आपापसात वापरावा. फ्लेक्सवर, भरतीत, बढतीत आणला की दिशाभूल सुरू. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून दाखवली. लाल विंचू चावला की फुप्फुसात पाणी होऊन पोरंसोरं दगावायची, ती वाचायला लागली. पण एखाद्या गाजलेल्या हृदयरोगाच्या औषधचाचणीच्या सायटेशन्सशेजारी हे काम ठेवा, कुठंच दिसणार नाही. लाल विंचवाचा प्रश्न बोस्टनमध्ये कुणाला पडणार?

मिरज_जंक्शन

धागाकर्त्यांचं उदाहरण त्यांच्याच विरोधात जातंय. बावस्करांचं लेखन १९८२ साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो का, याची त्यांची चाचणी २०११ मध्ये बीएमजे या तशाच जर्नलमध्ये आली. छापलं नसतं तर हे ज्ञान महाडच्या वेशीबाहेर गेलं असतं का? लोकांनी ते वाचलं, वापरलं, संदर्भ दिला. त्यालाच सायटेशन म्हणतात. तुम्ही ज्याला नाव ठेवताय त्याच वाटेनं तो उपचार तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचला.

मी मेडिकल कॉलेजात शिकवण्यात हयात घालवली. आकडे नव्हते तेव्हा काय होतं ते आम्ही बघितलंय. साहेबांची मर्जी, कुणाचा जावई, कुणाचं पॅनेल. 'फार विद्वान माणूस' असं चार जणांनी म्हटलं की झाला विद्वान, लिहिलेलं एक पान कुणी बघितलेलं नसायचं. २०१६ साली डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली होती. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ मधून एकही निबंध नाही. शून्य! जिथं शून्य आहे तिथं 'आकड्यांचा अतिरेक' कसला घेऊन बसलात?

पीजी_तिसरं_वर्ष

सर, ते शून्य आता नाही. आता कारखाना आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमात प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंध लागतात. जर्नल कुठल्या सूचीत असावं तेही ठरलंय, २०२० साली तर इंडेक्स कोपर्निकस ही सूची यादीतून काढून टाकली. त्यामुळं शेवटच्या वर्षात धावाधाव. माझाच थिसिस सांगतो, कॉलेजचं नाव विचारू नका. विषय: ऊसतोड कामगार बायकांमधला ॲनिमिया. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, तीन महिन्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन. सिनॉप्सिसमध्ये एकदम गुळगुळीत. प्रत्यक्षात बाई बीडकडची, पत्ता 'कारखान्याजवळची पालं', फोन नवऱ्याचा, रिचार्ज संपला की तोही बंद. ओपीडीत यायचं तर त्या दिवशी कोयता (नवरा-बायकोची जोडी) अर्धा, म्हणजे उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची लांबली. म्हणून मी पहाटे फडातच जायला लागलो. बोटाला सुई टोचताना बायका म्हणायच्या, "रगत नाही म्हणता, वर आणि काढून नेता?" मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि टोळ्या रातोरात गेल्या. दुसरं हिमोग्लोबिन निम्म्यांचंही झालं नाही. परीक्षकाचा शेरा आला: 'लॉस टू फॉलो-अप फार जास्त, निष्कर्ष काढता येत नाही.' शास्त्र म्हणून त्याचं बरोबर आहे, मला वाद घालायचा नाही.

पण शेवटी एका जर्नलमध्ये तो आला, तेव्हा लेखकांत पाच नावं. त्यातल्या दोघांनी फड सोडा, फॉर्मसुद्धा बघितला नव्हता. एकाची बढतीची फाईल अडकली होती. उद्या सायटेशन्स पडली तर त्या दोघांच्या खात्यावर माझ्याइतकीच पडणार.

हळदबाजार

लेखकांच्या यादीत नाव घालणं आणि एकमेकांचे निबंध उद्धृत करणं म्हणजे लग्नातली आहेराची वही झाली राव. त्यांनी घातलेत तेवढे आपण घालायचे.

मिरज_जंक्शन

@पीजी_तिसरं_वर्ष, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण तो माणसांनी केला, एच-इंडेक्सनं नाही. काम न करता नाव घालणं हा लबाडीचा प्रकार आकडे यायच्या आधीपासून आहे. उलट आता बरीच जर्नल्स कुणी काय केलं ते लिहून मागतात. आणि आयोग निबंधांची संख्या आणि सूची बघतो, सायटेशन बघत नाही. म्हणून तर असा गाळ साठतो. कुणीही न वाचलेला निबंध आणि शंभर जणांनी वापरलेला निबंध आज बढतीत सारखाच. सायटेशन धरा, गाळ आपोआप खाली बसेल.

कंदी_पेढा_सातारा

मी ग्रंथपाल. माझ्याकडं प्राध्यापक मंडळी नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) वेळी प्रोफाइल बनवून घ्यायला येतात, त्यामुळं ह्या आकड्यांची भट्टी कशी लागते ते जवळून बघते. सांगते ऐका. एकाच माणसाचे तीन एच-इंडेक्स असतात. गुगल स्कॉलरवर सगळ्यात मोठा, कारण ते थिसिस, प्रीप्रिंट (छापून यायच्या आधीचा मसुदा), कॉन्फरन्सची पुस्तिका, काहीही धरतं. स्कोपसवर त्याहून कमी, वेब ऑफ सायन्सवर बहुधा आणखी कमी. फ्लेक्सवर कुठला जातो हे सांगायला नको.

दुसरं म्हणजे आपल्याकडची नावं. 'पाटील एस.' आणि 'जाधव एस.' असे किती जण सातारा-सांगलीत निघतील? गुगल स्कॉलर विचारतं, 'हे निबंध तुमचे का?' आणि साहेब एकामागून एक 'होय' दाबत सुटतात. एका बालरोगतज्ज्ञांच्या खात्यावर मला कापसाच्या बोंडअळीवरचा निबंध सापडला. दाखवला तर म्हणाले, "असू द्या, काय बिघडतंय?" ऑर्किड नावाचा, प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक २०१२ पासून फुकट मिळतो, तो घेतला तर हा घोळ बराच मिटतो. सांगून सांगून दमले. (नामसाधर्म्याचा फायदा आपल्याकडं निवडणुकीतही घेतात, इथं काय वेगळं होणार.)

तिसरं, जगभरच्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' सारखे महाप्रकल्प. लेखक शेकड्यांनी, कधी हजारावर. निबंध लॅन्सेटमध्ये, सायटेशन्स हजारोंनी. त्यात माहिती पुरवणारा एक म्हणून नाव लागलं तरी गुगल स्कॉलर पूर्ण मापाचं श्रेय देतं. काम चांगलंच आहे ते, पण त्यावरून 'ह्यांचं संशोधन जगानं डोक्यावर घेतलं' असं म्हणायचं असेल तर कठीण आहे.

शिराळा_बत्तीस

मुद्दा श्रेयाच्या वाटण्यांचा चाललाय, संशोधनाच्या विषयाचं कोण बोलणार?

भारतात वर्षाला सर्पदंशानं सुमारे ५८,००० माणसं मरतात, असा २०२० साली ई-लाइफ या जर्नलमध्ये आलेला अंदाज आहे. आमच्याकडं घोणस चावते ती उसात, भातात, रात्री पाण्याची पाळी धरायला गेलेल्याला. इथं जे प्रतिविष टोचतात त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतो. घोणस तीच असली तरी प्रदेशागणिक विषाचा घाट बदलतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. मग तिकडच्या विषावर बनलेलं प्रतिविष आमच्या घोणशीवर किती बाटल्यांत उतरतं? हा प्रश्न आमच्या जिवाचा. कुणी तरुण डॉक्टरनं कष्ट करून उत्तर काढलं, तर वाचणार कोण? शिराळा, वाळवा, पाटण, फार तर कोल्हापूर आणि सर्पदंशात काम करणारे देशातले मूठभर लोक. तोच डॉक्टर मधुमेहावरच्या पन्नास निबंधांचा आढावा एसीत बसून लिहील, तर सायटेशन्सचा पाऊस. आढावा-निबंधाला संदर्भ जास्त मिळतात हे त्यालाही कळतं. आकड्यावर बढती ठेवली की पोरं घोणशीकडं फिरकायची नाहीत. डब्ल्यूएचओनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत २०१७ साली घातलं, त्याआधी काय शेतकरी मरत नव्हते?

वारणाकाठ

@शिराळा_बत्तीस, लाखातलं बोललात.

@मिरज_जंक्शन, 'सायटेशन धरा, गाळ खाली बसेल' हे पटत नाही. संदर्भ दिला म्हणजे मान दिला असं कुठाय? अँड्र्यू वेकफील्डचा लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा निबंध १९९८ साली लॅन्सेटमध्येच आला होता. १२ मुलांवरचा. २०१० मध्ये मागं घेतला. आजही त्याला सायटेशन्स मिळतात, बरीचशी तो कसा चुकीचा होता हे सांगणारी. मोजणाऱ्या यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही.

आणि उलटं बघा. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू गाळून काढलेल्या द्रावानंही आतड्यात पाणी सुटतं, म्हणजे जंतू विष सोडतो, हे १९५९ साली नेचरमध्ये दाखवलं. कितीतरी वर्षं कुणी फारशी दखल घेतली नाही. १९७८ साली नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते. १९८५ साली गेले, पुढच्या वर्षी त्यांच्यावर लेख लिहिला तो यूजीन गारफिल्ड यांनी, म्हणजे सायटेशन मोजायचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांनीच. १९६५ साली डे यांना सायटेशनवर बढती द्यायची असती तर?

माझा उपाय असा: उमेदवारानं आपली उत्तम तीन कामं पुढं ठेवावीत, जाणकारांनी ती बसून वाचावीत, रुग्णाला, गावाला, शास्त्राला काय मिळालं ते विचारावं. २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही हाच सूर आहे: जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर (त्यातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्यावर) माणूस तोलू नका, काम बघा.

मिरज_जंक्शन

डे यांचं उदाहरण चोख आहे, पण अर्धं सांगितलंत. गारफिल्डना ते सापडले कशावरून? संदर्भांची साखळी मागं मागं नेली की ती १९५९ च्या त्या निबंधाशी जाऊन थांबते. उशिरा का होईना, डे यांचं देणं सायटेशनच्या वह्यांतच सापडलं. देशातल्या मोठ्या अकादम्यांनी त्यांना फेलो केलं नव्हतं. तिथं बसलेले सगळे जाणकारच होते ना?

शिराळ्याच्या मित्राचा मुद्दा मला लागलाय, त्याला उत्तर म्हणून विषयानुसार तुलना करा, सर्पदंशवाल्याला सर्पदंशवाल्यांतच मोजा, असं मी म्हणेन. ते जमतं. पण 'जाणकार बसून वाचतील' हे ऐकलं की मला मुलाखतीची ती खोली आठवते. टेबलावर चार फायली, चहा, आणि आत यायच्या आधीच ठरलेलं नाव. एकानंही फाईल उघडली नव्हती. तेव्हा वारणाकाठ, तुमच्या त्या समितीत कोण बसणार आणि त्यांना कोण नेमणार, तेवढं आधी लिहा. मग पुढचं बोलू.