मदत हवी आहे: जर्मनीत कुर्त्सआर्बाइटच्या कागदावर सही करण्याआधी काय काय तपासावं?

निळीछत्री
स्टुटगार्टजवळ मोटारीचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. ऑर्डरी आटल्यामुळे १ नोव्हेंबर २०२५ पासून कुर्त्सआर्बाइट (मंदीत तात्पुरते कमी तास, बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारकडून), म्हणजे आठवड्याचे ३५ तास कमी करून २१. कंपनीत बेट्रीब्सराट (कामगार प्रतिनिधींची समिती) नाही, म्हणून प्रत्येकाकडून वेगळी सही मागताहेत. माहिती अशी:

एकूण पगार दरमहा ६,००० युरो, कर-वर्ग तीन (पगारातून कमी कर कापतात). बायको अर्धवेळ नोकरीत, कर-वर्ग पाच (जास्त कर कापतात). एक मूल आहे, दुसरं मार्चमध्ये. ब्लू कार्डाला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना) १९ महिने झालेत, जर्मन भाषा बी-१ पातळीची आहे.

हातात किती येईल, कार्डाला धक्का लागेल का, आणि एल्टर्नगेल्ड (बाळ झाल्यावर पालकांना मिळणारा सरकारी भत्ता) कमी होईल का? सोबत ‘राजीखुशीने नोकरी सोडा, भरपाई घ्या’ असाही एक कागद आलाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हिशेबनीस
आधी पैशाचं. सरकार कापलेल्या पगाराचे ६० टक्के देतं असं सगळे म्हणतात, ते अर्धवट आहे. तुमचा पूर्ण पगार ६,००० आणि २१ तासांचा ३,६००. या दोन्हींचं ठोक निव्वळ वेतन (कर-विमा वजा जाता उरणारी ठरावीक रक्कम) सरकारी तक्त्यात बघतात आणि त्यांच्यातल्या फरकाचे ६० टक्के देतात, मूल असेल तर ६७. समजण्यापुरते आकडे घ्या: निव्वळ ४,१०० आणि २,७०० निघालं तर फरक १,४००. त्याचे ६७ टक्के ९३८. म्हणजे हातात सुमारे ३,६४०. तास ४० टक्के गेले, पण घरखर्चाला साडेचारशेच्या आसपास कमी पडतात.

अर्ज तुम्ही करायचा नसतो. कंपनी आर्बाइट्सआगेन्टूरला (सरकारी रोजगार कार्यालय) कळवते, पगारासोबत तुम्हाला देते आणि नंतर तिथून वसूल करते. पहिल्या पगारपत्रकावर ६७ चा दर लागलाय का एवढं बघा. तो कर-कार्डावरच्या मुलाच्या नोंदीवरून ठरतो. वर्ग पाचमध्ये मुलाची नोंद दिसतच नाही, त्यामुळे उद्या तुमच्या बायकोच्या कंपनीत हीच वेळ आली तर तिला गुपचूप ६० टक्के लागतील. मग जन्मदाखला घेऊन आगेन्टूरकडून प्रमाणपत्र आणावं लागतं.

ज्यांचा पगार मोठा आहे त्यांच्यासाठी: हिशेबात पूर्ण पगार पेन्शन विम्याच्या मर्यादेपर्यंतच धरतात, २०२५ साठी दरमहा ८,०५०. ९,५०० वाल्याचे २० टक्के तास कापले तर पगार ७,६०० होतो. बुडाले १,९००, पण सरकारदरबारी ४५० च बुडाले.

नेकारकाठ
हिशेबनीसांनी कराचं लिहिलं नाही, आणि बहुतेक जण तिथेच आपटतात. हे ९३८ युरो करमुक्त आहेत, पण कराचा दर ठरवताना उत्पन्नात धरतात. दोघांचं मिळून करपात्र उत्पन्न ५०,००० आणि वर्षाचं कुर्त्सआर्बाइटगेल्ड (म्हणजे हेच सरकारी पैसे) ९,००० असेल, तर दर ५९,००० चा काढतात आणि लावतात ५०,००० ला. २०२५ च्या तक्त्याने सरासरी दर ११.७ वरून १४.१ वर जातो, म्हणजे जवळजवळ १,२०० युरो जादा. दरमहा शंभर बाजूला टाकत जा.

वर्षात ४१० युरोंच्या वर हे पैसे मिळाले की विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं. स्वतः भरणाऱ्यांना मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत. रक्कम वार्षिक वेतन-दाखल्याच्या १५व्या ओळीत असते.

कागदपत्री
आता कार्ड. २०२५ ची ब्लू कार्डाची पगारमर्यादा वर्षाला ४८,३०० आहे, टंचाईच्या व्यवसायांसाठी ४३,७५९.८०. तुमचा प्रत्यक्ष पगार ३,६०० गुणिले १२, म्हणजे ४३,२००. दोन्हींच्या खाली. घाबरू नका: कुर्त्सआर्बाइटमध्ये करार ७२,००० चाच राहतो, तात्पुरते कमी होतात ते तास. हे पैसे विमा-वर्गणीतून येतात, त्यामुळे परदेशी नागरिकांच्या कायद्यात ते ‘सरकारी मदत’ धरत नाहीत.

म्हणून कागद ओळ न् ओळ वाचा. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, तासांचं प्रमाण, आणि आगेन्टूरने मंजुरी नाकारली तर पूर्ण पगार मिळेल हे कलम हवंच. ‘तास २१ करण्यात येत आहेत’ एवढंच असेल आणि मुदत नसेल, तर ते कुर्त्सआर्बाइट नाही, अर्धवेळ नोकरीचा नवा करार आहे. त्यावर सही केली की ४३,२०० हाच तुमचा पगार, आणि कार्ड खरंच अडचणीत.

कायम वास्तव्याचं: बी-१ असल्याने २१ महिने पुरतात, तुमचे दोनच उरलेत. कुर्त्सआर्बाइटचे महिने धरले जातात, कारण बुडालेल्या पगाराच्या ८० टक्क्यांवर पेन्शनची वर्गणी कंपनी भरत राहते. अर्जाला पगारपत्रकं लावताना ‘मूळ पगार ६,०००, कपात तात्पुरती’ असं कंपनीचं पत्र जोडा. नाहीतर कारकुनाला फक्त ३,६०० दिसतात.

नेकारकाठ
भरपाईच्या कागदावर घाईत सही नको. करार स्वतःहून संपवला की बेकारी भत्ता साधारण १२ आठवडे रोखतात, आणि सही झाल्याक्षणी कुर्त्सआर्बाइटगेल्डचा हक्कही जातो, कारण ते नोकरी चालू असलेल्यालाच मिळतं. कंपनीने काढलंच तर: तीन दिवसांच्या आत आगेन्टूरकडे नाव नोंदवा (नोकरी संपायला तीन महिन्यांहून जास्त अवकाश असेल तर घाई नाही), दोन आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवा, आणि कोर्टात जायचं असेल तर तीन आठवडेच हातात असतात. बेकारी भत्ता मात्र ६,००० वरच मोजतात, ३,६०० वर नाही.

हिशेबनीस
एल्टर्नगेल्ड राहिलं. बाळाच्या जन्माआधीच्या १२ महिन्यांचं निव्वळ उत्पन्न बघतात, आणि कुर्त्सआर्बाइटगेल्ड त्यात शून्य धरतात. तुमचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने कमी उत्पन्नाचे धरले जातील. पण सरासरी २,७७० च्या वर राहिली की कमाल १,८०० मिळतातच, आणि आठ पूर्ण महिन्यांमुळे तुम्ही वरच राहाल. बायकोच्या एल्टर्नगेल्डवर तुमच्या कपातीचा परिणाम नाही. तिला वर्ग तीनमध्ये नेऊन फायदा घ्यायची वेळ मात्र निघून गेली. ते प्रसूती-रजेच्या सात महिने आधी करावं लागतं.

निळीछत्री
सगळ्यांचे आभार! कागद पुन्हा वाचला, शेवटची तारीख खरंच नाही. उद्या मागतो. दोन शंका: गेल्या वर्षीची सहा दिवस रजा उरलीय, ती घालवावी लागेल का? आणि सुटीच्या दिवशी साहेबांनी मेल पाठवली तर?

कागदपत्री
उरलेली जुनी रजा आणि जादा तासांची शिल्लक आधी संपवायला सांगतात, तो नियमच आहे. यंदाच्या रजेचं तुम्ही काही ठरवलं असेल तर ते लेखी द्या. आठवड्यातले पूर्ण दिवस बंद असतील तर त्या प्रमाणात वार्षिक रजाही घटू शकते, केंद्रीय श्रम न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०२१ ला तसा निकाल दिलाय.

मेलचं: बंद दिवशी काम करायचं नाही, टीम्सवर हिरवा दिवासुद्धा नको. तास कमी दाखवून काम करून घेणं ही फसवणूक ठरते, आणि कुर्त्सआर्बाइट संपल्यावर आगेन्टूर हजेरीपत्रकं तपासते. स्वतःचे तास रोज वेगळे लिहून ठेवा, २१ च्या वर गेले की त्याच दिवशी एचआरला कळवा.