स्वालबार्ड: नांगर टाकून वादळ सरायची वाट बघताना नेमकं काय करतात?

मांडव्याची_मुक्ता: नमस्कार. येत्या जुलैत नॉर्वेच्या उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवर, लाँगयिअरब्येन गावाहून शिडाच्या बोटीने स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने बारा दिवस जाणार आहे. बोटीवरची कामंही करायची आहेत. अनुभव मांडव्याजवळच्या छोट्या बोटींपुरताच. 'हवा बिघडली तर दोन-तीन दिवस नांगरावर थांबावं लागेल' असं कळवलंय. चालत्या बोटीवर मी घाबरत नाही. पण वारा घोंघावत असताना एका जागी बसून राहायचं कसं? आणि नांगर सुटला तर?

उत्तरवारा: मुक्ता, मी तीन दिवस बसले आहे. मॅग्दालेनेफ्योर्ड नावाची खाडी, ७९ अंश उत्तरेच्याही वर, जुलैअखेर. तेरा मीटरची पोलादी बोट, आम्ही सहा जण. बाहेर नैऋत्येचा वारा ३५ नॉट (तासाला ३५ सागरी मैल) सांगितला होता, म्हणून ग्राव्हनेसेटच्या आडोशाला शिरलो. या टोकावर सतराव्या शतकातल्या देवमासे मारणाऱ्या खलाशांची थडगी आहेत. पहाऱ्यावर असताना ती दिसत राहायची.

आडोसा म्हणजे शांतता नव्हे. आपल्याकडचा मतलई जमिनीवरून हळू सुटतो. तिथे हिमनदीवर गार झालेली जड हवा उतारावरून कोसळते. पाच मिनिटं पाणी आरशासारखं, मग एकदम चाळीस नॉट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरची ओढ चौपट होते, हे मला तिथे हाडात कळलं.

त्यामुळे बसून कुणीच राहत नाही. दोन-दोन तासांची पहाऱ्याची पाळी. किनाऱ्यावरच्या खुणा धरायच्या. माझ्या होत्या एक काळा खडक आणि त्यामागची बर्फाची घळ, दोन्ही एका रेषेत. दर दहा मिनिटांनी बघायचं, वहीत लिहायचं. जीपीएसचा गजर असतोच, पण डोळ्यांवर विश्वास ठेवा. हिमनदीचे तुकडे वाहत येतात, ते लांब बांबूने ढकलायचे. किनाऱ्यावर आणि पाण्यातही अस्वल दिसतंय का, तेही बघायचं. ते छान पोहतं. सूर्य मावळत नाही, म्हणून पहाटे तीनलाही सगळं स्वच्छ दिसतं.

दुसऱ्या रात्री माझ्याच पहाऱ्यात घळ खडकाच्या डावीकडे सरकली. आधी वाटलं, बोट नुसती झुलतेय. दोनदा पाहिलं, परत आली नाही. स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, उठवलं. नांगर वर आला तो समुद्री शेवाळाच्या चामड्यासारख्या पट्ट्यांत गुंडाळलेला! तळाला तो रुतलाच नव्हता. सुरीने कापून काढल्या, बोटं बधिर झाली. दुसऱ्या जागी टाकला, इंजिन मागे घेत हळूहळू जोर वाढवला, साखळीला हात लावून थरथर येते का पाहिलं. थरथर म्हणजे नांगर तळावर फरपटतोय. या वेळी आली नाही. धरला होता.

शंका आली तर लगेच उठवा. खोटी निघाली तरी कुणी रागावत नाही.

जुना_सेकंड_ऑफिसर: ताईंनी बरोबर सांगितलं. त्यात एवढंच घालतो: खोली अधिक पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची, भरती धरून, याच्या पाचपट साखळी, वादळात सातपट. ८ मीटर पाणी आणि दीड मीटर नाळ असेल तर ६५ मीटरच्या आसपास. साखळीचं वजन तळावर पडून राहिलं तरच ओढ आडवी लागते आणि नांगर रुततो. ती ताठ झाली की नांगर उचकटतो. पुढे नायलॉनचा जाड दोर जोडा, हिसके तो खातो.

मांडव्याची_मुक्ता: दोघांचेही मनापासून आभार. ताई, पहारा नसताना काय करायचात? आणि हवामान कुठून कळायचं?

उत्तरवारा: वसाहतींबाहेर मोबाइल चालत नाही. उपग्रह फोनवर नॉर्वेच्या हवामान खात्याचा अंदाज दिवसातून दोनदा. सगळे तेवढ्यासाठी टेबलाभोवती जमायचे. तिसऱ्या दिवशी 'आता निघूया' म्हणणारे चौघे होतो, त्यात मीही. स्किपर नाही म्हणाला आणि बाहेरची लाट बघितल्यावर मला पटलं. बाकी वेळ झोप, कपडे वाळवणं, स्वयंपाक. मी मेतकूट नेलं होतं, गरम भाताबरोबर सगळ्यांनी मागून घेतलं. जास्तच न्या.

चौथ्या सकाळी दक्षिणेला न्यू-ऑलेसुंदकडे निघालो. तिथे आपल्या देशाचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, २००८ पासून, गोव्यातल्या वास्कोची संस्था चालवते. वीस किलोमीटर आधीच फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं, संशोधनाच्या उपकरणांसाठी. आणि हो, स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ओस्लोमार्गे जाता-येता शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) दोनदा शिरता. दोन प्रवेशांचा व्हिसा आत्ताच मागा.