मदत हवी आहे : ओकायामाला निघालेल्या लेकीसाठी

नमस्कार मंडळी. माझी लेक नववीत आहे. शाळेच्या विद्यार्थी देवाणघेवाण उपक्रमातून ती पुढच्या महिन्यात 10 दिवस जपानला, ओकायामाला चालली आहे. (आपली पुण्यातली सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएन बागेवरून बेतली, ती बाग याच शहरात आहे.) मुक्काम एका जपानी कुटुंबात.

घरी चहाविधीची तालीम चालू आहे. आधी गोड खायचं, मग वाडगा डाव्या तळव्यावर घेऊन उजव्या हाताने दोनदा फिरवायचा आणि मगच प्यायचं. हे तिला छान जमतं. पण वज्रासनासारखं 'सेइझा' बसून दहा मिनिटांत पाय बधिर होतात. काल उठताना धडपडलीच. मध्येच पाय मोकळे केले तर यजमानांना वाईट वाटेल का?

खरी काळजी जेवणाची. आम्ही पूर्ण शाकाहारी, आणि तिथे साध्या मिसो सूपमध्येही बहुधा सुक्या माशाचं 'दाशी' (उकळून काढलेलं पाणी) असतं. यजमानांचा मान राखून हे आधीच कसं कळवावं? जपानी येणारं कुणी चार ओळी लिहून देईल का? फार उपकार होतील.

भेट म्हणून सावंतवाडीची लाकडी फळं घेतली आहेत. चालतील ना?